नावाआधीचे विशेषण

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्र सरकारचा अर्थसंकल्प लोकसभेत मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात अर्थशास्त्राचे विद्यार्थी वृत्तपत्रांभोवती गोळा होतात. आकडे आता आदल्या दिवशीच भ्रमणध्वनीवर येऊन पडलेले असतात. तरीही छापील मजकूर पुढ्यात ठेवून अर्थसंकल्पाची चर्चा करण्याचा जुना परिपाठ आम्ही अद्याप मोडलेला नाही. २०२५ साली असेच बसलो असताना एका विद्यार्थिनीने हातातले दैनिक पुढे करून विचारले, "सर, अर्थमंत्र्यांच्या साडीवर मधुबनी चित्रकाम होते आणि ती साडी दुलारीदेवींनी भेट दिली होती, हे इथे चौकटीत दिले आहे. पण राजकोषीय तूट किती धरली आहे, ते कोणत्या पानावर आहे?" तूट आतल्या पानावर होती, देशांतर्गत उत्पादनाच्या ४.४ टक्के. सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

श्रीमती निर्मला सीतारामन यांनी २०१९ पासून ओळीने अर्थसंकल्प मांडले. त्या प्रत्येक वर्षी साडीचा रंग, वीण आणि प्रांत यांची बातमी झाली. साडी निवडण्यामागे हातमागाचा आणि लोककलेचा गौरव करण्याचा त्यांचा हेतू असू शकतो आणि तो स्तुत्यही आहे. परंतु चिंतामणराव देशमुख, मोरारजी देसाई, यशवंतराव चव्हाण, मधु दंडवते यांनीही अर्थसंकल्प मांडले. मोरारजींची खादी आणि यशवंतरावांची टोपी यांना राजकीय अर्थ नव्हता असे कोण म्हणेल? तरी त्यांच्या अर्थसंकल्पाच्या वृत्तान्तात वस्त्रांना स्वतंत्र चौकट मिळाली नाही. २८ फेब्रुवारी १९७० रोजी या देशात प्रथमच एका स्त्रीने अर्थसंकल्प मांडला. त्या इंदिरा गांधी होत्या. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण करून त्यांना जेमतेम सात महिने झाले होते. पण त्याआधी काही वर्षे 'गूंगी गुडिया' हे राममनोहर लोहियांनी दिलेले विशेषण वृत्तपत्रे आवडीने वापरीत आली होती. बाहुलीला आर्थिक धोरण असत नाही, हा त्या विशेषणाचा गर्भितार्थ होता. तो किती चुकीचा होता, हे इतिहासाने दाखविले.

या लेखाचा विषय हा आहे. राजकीय पुढाऱ्याची बातमी देताना वृत्तपत्र दोन प्रकारची माहिती देऊ शकते: तो किंवा ती 'कोण' आहे आणि त्याने किंवा तिने 'काय केले'. काहींच्या बाबतीत पहिली माहिती दुसरीची जागा घेते. पाश्चात्य देशांत हा भेद कातडीच्या रंगावरून आणि लिंगावरून होतो. आपल्याकडे रंगाची जागा जातीने आणि जमातीने घेतली आहे. पुढाऱ्यांचा मानापमान हा माझ्या चिंतेचा विषय नाही. पुढारी आपला मान सांभाळण्यास समर्थ असतात. माझी चिंता मतदाराची आहे. विशेषणावर भागविलेली बातमी मतदाराला त्याच्या प्रतिनिधीच्या कामाचा हिशेब देत नाही, आणि तो हिशेब ज्यांना सर्वांत अधिक हवा त्यांनाच तो सर्वांत कमी मिळतो.

प्रेमाने दिलेली नावे

विशेषण नेहमी तुच्छतेनेच दिले जाते असे नाही. महाराष्ट्रात ते पुष्कळदा प्रेमाने दिले जाते, आणि म्हणूनच त्याचा परिणाम लवकर ध्यानात येत नाही. मृणाल गोरे यांचे उदाहरण घेऊ. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी महापालिकेशी झुंज दिली आणि जनतेने त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. हे नाव लोकांनी दिलेली पदवीच होती. परंतु पाणीवाली बाई म्हटले की डोळ्यांपुढे हंडा येतो. कायदा येत नाही. वस्तुतः गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, त्यामागे मृणालताईंनी १९८६ साली विधानसभेत मांडलेले अशासकीय विधेयक होते. पुढे १९९४ साली केंद्राने त्याच धर्तीवर कायदा केला. 'विधेयकवाली बाई' असे त्यांना कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

१९७२ नंतरच्या दुष्काळी वर्षांतील महागाईविरोधी आंदोलनाचेही तेच झाले. अहिल्याताई रांगणेकर, मृणालताई आणि त्यांच्या सहकारी यांनी उभारलेली ती चळवळ 'लाटणे मोर्चा' म्हणून लोकांच्या स्मरणात आहे. लाटणे हे प्रतीक त्यांनीच निवडले, हे खरे. पण त्या चळवळीच्या मागण्या पाहिल्या तर त्या शिधावाटप, खाद्यतेल आणि रॉकेल यांचा पुरवठा, साठेबाजी आणि सार्वजनिक वितरण यांविषयीच्या होत्या. म्हणजे निखळ अर्थशास्त्राच्या होत्या. स्त्रिया भाववाढीवर बोलल्या की ते स्वयंपाकघरातले गाऱ्हाणे ठरते आणि पुरुष त्याच विषयावर बोलले की ते आर्थिक विवेचन ठरते, हा भेद वृत्तपत्रांनी निर्माण केला नसेल. पण त्यांनी तो जोपासला, असे म्हणावे लागते.

आमच्या खानदेशाचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रतिभाताई पाटील १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. त्या राज्यात अनेक वर्षे मंत्री होत्या, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, राज्यसभेच्या उपसभापती होत्या, लोकसभेच्या सदस्य होत्या आणि राजस्थानच्या राज्यपाल होत्या. २००७ साली त्यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले तेव्हा या पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीची चिकित्सा होणे योग्यच होते. मात्र जागा मिळाली ती डोक्यावरच्या पदराला आणि 'राष्ट्रपती' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप काय करावे या चर्चेला. 'सभापती' हे पद स्त्रियांनी भूषविले तेव्हा मराठी भाषा अडखळली नव्हती. राष्ट्रपतिपदाशी मात्र ती अडखळली. व्याकरणाची ही शंका पंधरा वर्षांनी पुन्हा उद्भवली. २०२२ च्या जुलैमध्ये लोकसभेतील काँग्रेसचे नेते अधीर रंजन चौधरी यांनी नव्या राष्ट्रपतींचा उल्लेख 'राष्ट्रपत्नी' असा केला आणि जीभ घसरल्याचे सांगून त्यांना लेखी क्षमा मागावी लागली. जीभ घसरते तेव्हा ती उताराच्या दिशेनेच घसरते, एवढे त्यावरून लक्षात घ्यावे.

जातीचे विशेषण

लिंगभेदाला निदान हसता येते. जातीच्या विशेषणाला हसताही येत नाही. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही. जाहिरातीलाही जागा नाही, ही पहिली अवस्था. त्यानंतरची अवस्था अधिक सौम्य, परंतु अधिक टिकाऊ ठरली. जागा मिळू लागली. ती 'अस्पृश्यांचे पुढारी' म्हणून मिळू लागली. ज्या विद्वानाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर खोऱ्याच्या योजनेस आणि देशाच्या जल व वीज धोरणास आकार दिला, त्याला आजही पुष्कळ वृत्तान्तांत 'दलितांचे कैवारी' या दोन शब्दांत संपविले जाते. ते कैवारी होतेच. पण चलनाचा प्रश्न दलितांचा नसतो. तो सगळ्यांचा असतो. विशेषणाने बाबासाहेबांना लहान केले नाही. विशेषणाने आपले वाचक त्यांच्या अर्थशास्त्राला मुकले.

अगदी अलीकडचे उदाहरण २०२२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे. दोन उमेदवार होते. श्री. यशवंत सिन्हा यांचा परिचय 'माजी अर्थमंत्री', 'माजी परराष्ट्रमंत्री', 'माजी सनदी अधिकारी' असा झाला. त्यांची जात सांगण्याची आवश्यकता कोणालाही भासली नाही. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांचा परिचय 'आदिवासी महिला' असा झाला, आणि त्यासोबत रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडू मारतानाचे त्यांचे दृश्य देशभर फिरले. आता या 'आदिवासी महिले'ची कारकीर्द पाहू. ओडिशाच्या पाटबंधारे खात्यात कारकून, मग शाळेत शिक्षिका, १९९७ साली रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका, २००० आणि २००४ साली आमदार, दरम्यान राज्यात वाणिज्य व वाहतूक आणि नंतर मत्स्य व पशुसंवर्धन खात्याच्या मंत्री, आणि २०१५ पासून सहा वर्षे झारखंडच्या राज्यपाल. कारकुनी आणि शिक्षकी केलेल्या माणसाला ही वाटचाल किती अवघड असते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या सगळ्यांत एक घटना अशी होती की जी कोणत्याही राजकीय वार्ताहराने प्रथम सांगावयास हवी होती. १९०८ चा छोटा नागपूर कूळ कायदा आणि १९४९ चा संथाल परगणा कूळ कायदा हे आदिवासींच्या जमिनीचे रक्षण करणारे कायदे आहेत. झारखंड विधानसभेने त्यांत बदल करणारी विधेयके २०१६ साली संमत केली. राज्यात सत्ता राज्यपाल ज्या पक्षातून आल्या त्याच पक्षाची होती. तरीही २०१७ साली राज्यपाल मुर्मू यांनी ती विधेयके संमती न देता परत पाठविली आणि पुढे ती मागे घेतली गेली. राज्यपालाच्या घटनात्मक विवेकाचे हे उदाहरण त्यांच्या 'आदिवासी' असण्याला खरा अर्थ देणारे होते. परंतु हातात झाडू असलेले चित्र छापणे सोपे होते. जमिनीच्या कायद्याची माहिती देणे कष्टाचे होते.

दोन्ही ओझी एकत्र

जात आणि लिंग ही दोन ओझी एकाच व्यक्तीच्या माथी आली की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. १९९५ साली श्रीमती मायावती उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. कोणत्याही राज्याच्या त्या पहिल्या दलित महिला मुख्यमंत्री. २००७ साली त्यांनी ४०३ पैकी २०६ जागा जिंकून स्वबळावर सरकार बनविले. त्यांच्या कारभारावर, पुतळ्यांवरील खर्चावर आणि संपत्तीवर टीका झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. पण त्या टीकेच्या शेजारी त्यांचे केस, त्यांची हातातली पर्स, त्यांचे हिरे यांचीही चर्चा सतत चाले. कोणा पुरुष मुख्यमंत्र्याच्या केशभूषेवरून त्याच्या प्रशासनाविषयी निष्कर्ष काढल्याचे आपण वाचले आहे काय?

हा केवळ आपल्या देशाचा दोष नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य डायन ॲबट १९८७ साली निवडून आल्या. तीस वर्षांनी, २०१७ च्या निवडणुकीच्या तोंडावर, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने महिला खासदारांना ट्विटरवर आलेल्या शिवीगाळीची मोजदाद केली, तेव्हा तिच्यापैकी जवळजवळ निम्मी एकट्या ॲबट यांच्या वाट्याला आल्याचे दिसले. २०२० साली बीबीसीने मार्शा डी कॉर्डोव्हा या कृष्णवर्णीय खासदार पडद्यावर असताना डॉन बटलर या दुसऱ्या कृष्णवर्णीय खासदारांचे नाव दाखविले. ती चूक सांगणाऱ्या बातमीत लंडनच्या एका वृत्तपत्राने तिसऱ्याच कृष्णवर्णीय खासदारांचे छायाचित्र छापले. विशेषण इतके मोठे झाले की त्याखालची माणसे एकमेकींपासून वेगळी दिसेनाशी झाली.

आमच्या जिल्ह्याचा हिशेब

आता लंडनहून तळोद्यास परत येतो, कारण प्रश्नाचा खरा काटा येथे रुततो. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. लोकसभेची जागा राखीव आणि विधानसभेच्या चारही जागा राखीव. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या पहिल्या अहवालात हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत गरीब ठरला; निम्म्याहून अधिक लोक त्या व्याख्येत गरीब होते. अशा जिल्ह्याच्या मतदाराला आपल्या प्रतिनिधीच्या कामाची माहिती इतरांहून अधिक हवी. त्याला काय मिळते?

श्री. माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा येथून लोकसभेवर गेले. ते केंद्रात राज्यमंत्री झाले; २००९ साली नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्षही झाले. नऊ निवडणुका जिंकणे हे राजकीय कर्तृत्व आहे. पण राष्ट्रीय वृत्तपत्रांतील बहुतेक विवेचनांत त्या विजयांचा अर्थ 'भोळ्या आदिवासींची गांधी घराण्यावरील निष्ठा' एवढाच लावला गेला. यात मतदाराला बुद्धी नाही हे गृहीत होते आणि खासदाराला कर्तृत्व नाही हेही. याची दुसरी बाजू अशी की खासदाराला जाबही कोणी विचारला नाही. जेथे निष्ठेनेच मते मिळतात तेथे कामाचा प्रश्न कशाला विचारायचा? विशेषण असे दुधारी असते. ते पुढाऱ्याचे श्रेय हिरावते आणि त्याच वेळी त्याला उत्तरदायित्वातून मोकळेही करते.

२०१४ साली डॉ. हीना गावित यांनी माणिकरावांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. त्या बातमीतली विशेषणे तीन होती: 'सव्वीस वर्षांची', 'डॉक्टर' आणि 'डॉ. विजयकुमार गावित यांची कन्या'. २०२४ साली त्यांचा पराभव श्री. गोवाल पाडवी यांनी केला, तेव्हा 'के. सी. पाडवी यांचे पुत्र' हे विशेषण आले. म्हणजे घराण्याचे विशेषण पुत्रालाही सुटले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पण या दोन बातम्यांच्या मधली दहा वर्षे कोठे गेली? डॉ. हीना गावित यांना त्या काळात संसदीय कामगिरीसाठी 'संसदरत्न' पुरस्कार मिळाला. त्यांनी कोणते प्रश्न विचारले, वनहक्कांच्या दाव्यांविषयी काय म्हटले, कोणत्या विधेयकावर कोणती भूमिका घेतली, याची सलग माहिती आमच्या किती वाचकांना आहे? ती नसेल, तर त्यांना पुन्हा निवडण्याचा अथवा नाकारण्याचा निर्णय मतदाराने कशाच्या आधारे केला?

शेजारच्या अक्कलकुव्याचे आमदार श्री. आमश्या पाडवी विधिमंडळात शपथ घेताना अडखळले, तेव्हा ते दृश्य राज्यभर चवीने पाहिले गेले. सातपुड्यात भिलोरी, पावरी, मावची या मातृभाषा आहेत. प्रमाण मराठी ही येथे शाळेत शिकावयाची भाषा आहे. शपथेच्या संस्कृतप्रचुर शब्दांशी अडखळणे हा विनोदाचा विषय होऊ शकतो, असे ज्यांना वाटते त्यांनी भिलोरीतील चार वाक्ये वाचून पाहावीत. पण माझा मुद्दा सहानुभूतीचा नाही. ते अडखळले ही बातमी राज्यभर पोहोचली. सभागृहात त्यांनी पुढे काय मागितले, ही बातमी तालुक्यापर्यंतही पोहोचू नये, हे दुःख आहे.

खाली गावपातळीवर हेच दृश्य अधिक ठळक होते. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींची अध्यक्षपदे १९९६ च्या पेसा कायद्याने जमातींकडे आली आणि राज्याने २०११ साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. त्यानंतर मराठी वृत्तपत्रांच्या कोशात एक नवा शब्द दाखल झाला: 'सरपंचपती'. काही ठिकाणी नवरा कारभार करतो हे सत्य आहे, आणि ते उघड केलेच पाहिजे. पण जेथे ती स्वतः कारभार करते तेथेही बातमीदार प्रतिक्रिया नवऱ्याची घेतो, छायाचित्रात तिला कडेला उभी करतो आणि मग तिला स्वतःचे मत नाही असा निष्कर्ष छापतो.

असे का होते?

याची दोन कारणे सांगता येतील. पहिले कारण वृत्तपत्राच्या कचेरीत आहे. दिल्लीतील ३७ प्रसारमाध्यमांतील ३१५ निर्णायक पदांची पाहणी २००६ साली झाली, तेव्हा त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही पत्रकार आढळला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी केलेल्या पाहणीत वृत्तकक्षांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. जो समाज कचेरीत सहकारी म्हणून कधी भेटत नाही, तो बातमीत विशेषण होऊनच येणार.

दुसरे कारण अर्थशास्त्राचे आहे. माहिती मिळविण्यास खर्च येतो. खर्च वाचविण्यासाठी व्यक्तीची पारख न करता तिच्या समूहाविषयीच्या समजावरून निर्णय करणे, याला आमच्या शास्त्रात सांख्यिकीय भेदभाव म्हणतात. विशेषण ही वार्ताहराला फुकट मिळणारी माहिती असते. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ पगारदार नसतो. बातमीबरोबर जाहिराती गोळा करणेही त्याच्याकडेच असते, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हे त्या जाहिरातींचे मोठे पीक. अशा माणसाने जिल्हा नियोजन समितीचे कागद वाचून आदिवासी उपयोजनेच्या खर्चाची बातमी करावी, ही अपेक्षा आपण कोणत्या मोबदल्यावर करतो? आणि वाचक म्हणून आपण साडीची चौकट आधी वाचतो की तुटीचा तक्ता, हेही स्वतःला विचारून पाहावे.

या स्वस्त माहितीची किंमत मात्र मोजता आली आहे. नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशातील पंचायतींचा अभ्यास केला. स्त्री सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या सोयी अधिक व चांगल्या आढळल्या आणि लाचही कमी द्यावी लागत होती. तरीही गावकऱ्यांचे समाधान पुरुष सरपंचाच्या गावांपेक्षा कमी होते. काम अधिक, श्रेय कमी. पश्चिम बंगालमधील पुढच्या अभ्यासात एकच भाषण पुरुषाच्या व स्त्रीच्या आवाजात ऐकविले गेले. ज्या गावांनी स्त्री सरपंच कधी पाहिली नव्हती, तेथील पुरुषांनी स्त्रीचा आवाज कमी कर्तबगार ठरविला. ज्या गावांनी ती पाहिली होती, तेथे हा ग्रह बराच ओसरला होता. म्हणजे पूर्वग्रह दैवी नाही. तो कामाच्या प्रत्यक्ष दर्शनाने जातो. प्रत्येक गावाला हे दर्शन घडणे शक्य नसते, म्हणून तर वृत्तपत्र असते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की पुढारी आणि पक्ष स्वतःच जातीचे भांडवल करतात. मायावती स्वतःला 'दलित की बेटी' म्हणवितात, मुर्मू यांची उमेदवारी त्यांच्या पक्षानेच आदिवासी म्हणून पुढे केली. मग वृत्तपत्रांनाच दोष का? याचे उत्तर सरळ आहे. पक्ष जाहिरात करतो; वृत्तपत्राने बातमी द्यावयाची असते. दुकानदाराने मालाला चांगले म्हटले म्हणून वजनमाप निरीक्षकाने तराजू तपासू नये, असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जात आणि लिंग सांगूच नये काय? अन्याय सांगितल्यावाचून तो मिटत नाही. १९६० साली राज्य स्थापन झाल्यापासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत महाराष्ट्राला एकही महिला मुख्यमंत्री मिळाली नाही, ही गोष्ट लिंग सांगितल्यावाचून सांगता येणार नाही. आदिवासी आमदाराकडे आदिवासी विकास आणि महिला आमदाराकडे महिला व बालविकास, अशी खात्यांची वाटणी वारंवार का होते, हेही विचारता येणार नाही. म्हणून माझे म्हणणे विशेषण गाळा असे नाही. विशेषणाने काही सांगितले पाहिजे. मुर्मू यांनी कूळ कायद्याची विधेयके परत पाठविली, तेथे त्यांचे आदिवासी असणे अर्थपूर्ण होते. प्रत्येक बातमीत नावाआधी तेच लावले की ते शिक्का होते.

यासाठी एक सोपी कसोटी मी माझ्या वर्गात वापरतो. बातमीतील व्यक्ती बदलावी आणि वाक्य तसेच ठेवावे. विद्यार्थ्यांनी लिहिलेला एक नमुना असा होता: "दोन मुलांचे वडील असलेले, फिकट निळा सदरा परिधान केलेले उच्चवर्णीय पुरुष उमेदवार संसार सांभाळून राजकारणाकडेही लक्ष देतात. प्रचारात त्यांच्या पत्नी सावलीसारख्या त्यांच्या सोबत असतात." वर्ग खो-खो हसला. मग मी त्यांना मूळ बातमी वाचून दाखविली, तिच्यात स्त्री होती. त्या वेळी कोणी हसले नाही. जे वाक्य एकाविषयी हास्यास्पद वाटते आणि दुसऱ्याविषयी स्वाभाविक वाटते, त्या वाक्यात बातमी नसते. आपली सवय असते.

१९९३ च्या सुमारास महाराष्ट्राने सुकथनकर समितीचे सूत्र स्वीकारले आणि राज्याच्या योजनेतील सुमारे नऊ टक्के निधी लोकसंख्येच्या प्रमाणात आदिवासी उपयोजनेसाठी ठेवण्याचे धोरण आले. त्याला तीन दशके उलटली. या काळात आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या प्रत्येक आमदाराला, खासदाराला आणि मंत्र्याला एक प्रश्न सातत्याने विचारला गेला असता, की या निधीतले किती आले, किती खर्ची पडले आणि किती परत गेले, तर हा जिल्हा दारिद्र्याच्या यादीत कोठे असता याची कल्पना करावी. त्यांना विचारले गेले ते होळीविषयी, परंपरेविषयी आणि घराण्याविषयी. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देण्याचे ठरविले आहे. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी ते जोडलेले आहे. त्या जागांत राखीव मतदारसंघांतील स्त्रियांचाही वाटा आहे. आमच्या डोंगरातल्या मुली त्या सभागृहांत जाऊन बसतील. त्यांच्या साड्यांविषयी आपणास सगळे कळेल, यात शंका नाही. त्यांनी कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, हे कळावे असे वाटत असेल, तर ते विचारण्याची सवय आजच लावून घ्यावी लागेल. वाचनालयातल्या त्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आहेच. तूट कोणत्या पानावर आहे?